सेंटिमीटरभर फूल आणि दोन कॅमेरे

"तीस हजार बाजूला काढलेत. कुठला कॅमेरा घेऊ ते सांग. पण लवकर सांग, फुलं थांबायची नाहीत."

२०१२च्या ऑगस्टअखेरीस मावशीचा हा फोन आला, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा झालो. डीएसएलआर घे, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. माझ्याकडे तेव्हा निकॉनचा डी३१०० होता, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स, म्हणजे किट लेन्स होती आणि नंतर पैसे साठवून घेतलेली ३५ मिमी एफ/१.८ही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो). नव्याची नवलाई अजून ओसरली नव्हती. जो भेटेल त्याला मी हेच सांगत होतो.

तीन आठवड्यांत ते उत्तर मला गिळावं लागलं. खिशातला छोटा कॅमेरा घ्यावा की सुरुवातीचा डीएसएलआर, असं विचारणारे आजही भेटतात, हल्ली तर सेकंडहँड बाजारामुळे पुन्हा जास्तच. त्यांना मिळणारी उत्तरं बहुतेक माझ्या त्या पहिल्या उत्तरासारखीच असतात. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून सांगतो.

कोणाला, कशासाठी

मावशी साताऱ्याला राहते. शाळेत विज्ञान शिकवायची, त्याच वर्षी निवृत्त झाली होती. पदवी वनस्पतिशास्त्राची. लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्यांत ती कित्येक वर्षं सातारा-कास भागातल्या रोपांच्या नोंदी करत आलीय. तारीख, जागा, रोप खडकावर होतं की डबक्याच्या कडेला, पानं समोरासमोर की एकाआड एक, देठावर लव आहे का. शेजारी पेन्सिलीनं काढलेलं चित्र. दोनेक वर्षांपासून हात थरथरायला लागले आणि चित्र मनासारखं येईना, म्हणून कॅमेरा.

काकांची मागणी वेगळी होती. नातू बंगळुरूला, वय वर्षं चार, पाच सेकंद एका जागी न टिकणारा. गणपतीला आणि दिवाळीला येतो. "तुझ्या मावशीच्या गवताचे फोटो येतील रे कशानंही, पोराचे नीट आले पाहिजेत," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आणखी एक गोष्ट होती. तेव्हा ती कुणीच मागणी म्हणून धरली नाही. मावशीचा डावा गुडघा दुखतो. पठारावर ती काठी घेऊन चालते आणि दुसऱ्या हातात छत्री असते. कॅमेऱ्याला हातच उरत नाही, हे मला तिथं गेल्यावर दिसलं.

दुकानातली परिस्थिती अशी होती. तीस हजारांत किट लेन्ससह सुरुवातीचा डीएसएलआर बसत होता: निकॉनचा डी३१०० किंवा कॅननचा ११००डी. दुसरीकडे छोट्या कॅमेऱ्यांतला वरचा वर्ग: कॅननचा एस१००, ऑलिम्पसचा एक्सझेड-१, पॅनासोनिकचा एलएक्स५. हे तिन्ही रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) द्यायचे, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि शटर (उजेड किती वेळ आत) हातानं ठरवू द्यायचे. सोनीचा आरएक्स१०० त्या जूनमध्येच जाहीर झाला होता आणि त्याची चर्चा खूप होती, पण तो बजेटच्या वर जात होता.

माझ्या सल्ल्यामागं एकच आकडा होता, सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपून चित्र करणाऱ्या चिपच्या आकाराचा. डी३१००चा सेन्सर २३.१ बाय १५.४ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५५ चौरस मिलिमीटर. छोट्या कॅमेऱ्यांच्या त्या वरच्या वर्गात असतो तो १/१.७ इंची सेन्सर जेमतेम ४१ चौरस मिलिमीटरचा. साडेआठ पट फरक. (या इंचांच्या मापावर विश्वास ठेवू नये. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ती नावं पडली आहेत. ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो.) साडेआठ पट मोठी परात पावसात ठेवली तर साडेआठ पट पाणी साठणार, इतकं सोपं मी मावशीला समजावलं होतं. तिनं ऐकून घेतलं. शिक्षिका असल्यामुळे असेल, विद्यार्थ्याला पूर्ण बोलू द्यायची तिला सवय आहे.

मग मी माझा सगळ्यात आवडता फोटो तिला दाखवला. सोनकीचं एक फूल, ३५ मिमीच्या लेन्सनं एफ/१.८ वर टिपलेलं. पिवळ्या पाकळ्या आणि मागं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं हिरवं. लॅपटॉपकडे तिनं चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं.

"छान आहे. पण पान कुठंय?"

"मागं आहे ना, धूसर केलंय मुद्दाम."

"मुद्दाम? अरे, पानाशिवाय मी ओळखू कशी? सोनकीसारखी पिवळी फुलं काय एक आहेत का?"

माझ्या मते चांगला फोटो म्हणजे जे हवं तेवढंच दिसावं. तिला रोपाचं सगळं दिसायला हवं होतं: पाकळी, देठ, पान आणि जमलं तर जमीनही. या प्रकरणाचा निकाल खरं तर तिथंच लागला होता. मला तो कळला नाही इतकंच.

पठारावर

एका सहकाऱ्याकडून मी १/१.७ इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा दोन आठवड्यांसाठी मागून आणला, स्वतःचा डी३१०० घेतला आणि सप्टेंबरातल्या एका मंगळवारी रजा टाकली. शनिवार-रविवारी जाण्यात अर्थ नव्हता. त्याच जुलैत युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली होती. महाराष्ट्रातली त्यातली चार, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. बातमी छापून आल्यापासून सुट्टीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसं जास्त अशी अवस्था होती.

सकाळी सव्वासहाला निघालो. यवतेश्वराचा घाट चढून वर आलो तेव्हा धुकं इतकं होतं की गाडीचे दिवे लावावे लागले. कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. म्हणून तिथली बहुतेक रोपं बुटकी, वीत-दीड वीत. सीतेची आसवं ही निळसर जांभळी फुलं जमिनीपासून जरा वर डोलत असतात, एकेक फूल सेंटिमीटरभराचं. त्यांच्या मुळाशी किडे पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे, शर्टाच्या बटणाएवढे. दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती तर मावशीनं काठीच्या टोकानं दाखवेपर्यंत मला दिसलीच नाही. चिकट थेंब लगडलेलं ते पान मी दव समजून सोडून देत होतो.

पहिली चाचणी अगदी गावठी होती. मावशीच्या पर्समधली सहा इंची स्टीलची पट्टी खडकावर ठेवली आणि दोन्ही कॅमेरे जास्तीत जास्त किती जवळ जाऊ शकतात ते पाहिलं. डी३१०० किट लेन्सच्या ५५ टोकाला, जेमतेम फोकस होईल इतक्या अंतरावर: फोटोच्या रुंदीत पट्टीचे साडेसात सेंटिमीटर. छोटा कॅमेरा मॅक्रोवर (अगदी जवळून टिपायच्या सेटिंगवर), झूम पूर्ण मागं, म्हणजे वाइडला: सहा सेंटिमीटर. म्हणजे फूल दोन्हींत जवळपास सारखंच मोठं दिसणार, छोट्यात किंचित जास्तच. किट लेन्स ही मॅक्रो लेन्स नव्हे, हे मला माहीत होतं. पण छोट्याच्याही मागं पडेल असं वाटलं नव्हतं. खरी मॅक्रो लेन्स घेतली तर डीएसएलआर त्याला कुठल्या कुठं मागं टाकतो, यात शंका नाही. फक्त तीस हजारांत कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स दोन्ही बसत नव्हते.

छोट्याची अडचण वेगळी. इतक्या जवळ जायचं तर लेन्सचं तोंड फुलाला टेकायला येतं, तिची सावली पडते, आणि वाइड अँगलमुळे पुढचं फूल फुगून मागचा देठ काडीसारखा दिसतो. जरा झूम करून लांबून घ्यावं म्हटलं, तर जवळचा फोकसच जातो. या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची मॅक्रोची करामत झूम मागं असतानाच चालते. दुकानात हे कुणी सांगत नाही.

दुसरी चाचणी गेंदावर. गोंडा पूर्ण तीक्ष्ण हवा, खालचा देठही ओळखू यावा. डी३१०० एफ/५.६ वर: गोंड्याचा पुढचा तीन मिलिमीटर भाग सुरेख, बाकी धुकं. मग ॲपर्चर मिटवत नेलं. एफ/८, एफ/११. एफ/११ ला गोंडा पूर्ण आला, पण धुक्याच्या उजेडात शटर इतका हळू झाला की फोटो हलला. आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आकडा) वाढवत ८०० पर्यंत नेला तेव्हा कुठं जमलं. छोट्यानं तोच गोंडा, तेवढाच तीक्ष्ण, एफ/४ आणि आयएसओ १०० वर दिला. शटर जवळजवळ तोच.

दुपारी मावशीच्या घरी जेवणानंतर लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मोठा सेन्सर, आयएसओ ८००. छोटा सेन्सर, आयएसओ १००. दाणे, म्हणजे फोटोतली रवाळ खरखर, दोन्हींत सारखे. मी खूप मोठं करून पाहिलं, सावलीचा भाग पाहिला, पुन्हा पाहिलं. मावशीनं ताक आणून ठेवलं तेही निवलं, म्हणजे निवलेलंच होतं, मला कळलं नाही.

यात जादू काही नाही. फोटोत दाणे किती दिसणार हे मुख्यतः सेन्सरवर एकूण किती उजेड पडला त्यावर ठरतं. मोठ्या सेन्सरला जास्त उजेड मिळतो, पण लेन्सचं ॲपर्चर उघडं ठेवता आलं तरच. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागं जितका भाग तीक्ष्ण हवा तो, वाढवण्यासाठी ॲपर्चर मिटवत गेलं की तो जादाचा उजेड आपणच बाहेर ठेवतो. सेन्सर साडेआठ पट मोठा असेल तर ॲपर्चरचा आकडा साधारण तीन पट वाढवल्यावर तीक्ष्ण भाग छोट्याइतका होतो, आणि तेवढं केलं की साडेआठ पटीचा फायदा बरोबर शून्यावर येतो. छोट्याचा एफ/४ म्हणजे मोठ्याचा एफ/११ किंवा १२. माझी परात मोठी होती खरी, पण तिच्यावर मीच झाकण ठेवत होतो.

आता कुणी म्हणेल, ट्रायपॉड लाव, आयएसओ १००च ठेव, शटर हळू चालू दे. बरोबर आहे. घरात टेबलावरच्या कुंडीसाठी तेच करावं. सड्यावर मात्र वारा थांबत नाही. जवळच चाळकेवाडीला पवनचक्क्यांची रांग उगाच उभी केलेली नाही. सीतेच्या आसवांचा दोऱ्यासारखा देठ पाव सेकंदसुद्धा स्थिर राहत नव्हता. शिवाय ट्रायपॉडचे तीन पाय ठेवायचे कुठं? पायवाट सोडली की पायाखाली रोपंच. माझ्यासमोर एक हौशी गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन तेरड्यात पालथे पडले होते. ते उठल्यावर तिथं माणसाच्या आकाराचा साचा राहिला. मावशी त्यांना काही बोलली नाही, पण परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती.

मीही काही कमी नव्हतो. डी३१००चा स्क्रीन हलत नाही आणि त्यावर बघून फोकस करायला गेलं तर तो फार रेंगाळतो, म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा तर गाल जमिनीला टेकणार. दोनदा कोपर भिजलं, एकदा लेन्सच्या काचेवर चिखल. मावशीनं काठी काखेत धरली, छत्री मला दिली, छोटा कॅमेरा एका हातात घेऊन हात खाली सोडला आणि अंदाजानं चार फोटो काढले. एक हललेला, एकात फूलच नाही, दोन चांगले.

"हे जमेल मला," ती म्हणाली. डीएसएलआर तिनं त्या दिवशी एकदाच हातात घेतला. लेन्ससकट पाऊण किलोचा.

गणपतीतली संध्याकाळ

काकांची बाजू तपासायची होती. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले. नातू आदल्या रात्री आला आणि सकाळपासून घरभर धावत होता. आरतीच्या वेळी हॉलमध्ये एक ट्यूबलाइट, मखरातल्या माळा आणि निरांजनं, एवढाच उजेड.

इथं डीएसएलआरनं आपली जात दाखवली. छोटा कॅमेरा त्या उजेडात फोकस शोधत लेन्स पुढं-मागं करत राही, आणि तो बीप करेपर्यंत पोरगं झांजा टाकून मोदकांच्या ताटापाशी पोचलेलं. छोट्या कॅमेऱ्यांचा फोकस तेव्हा चित्र कधी जास्त स्पष्ट होतंय ते चाचपडत बघायचा. डीएसएलआरमध्ये त्यासाठी वेगळे सेन्सर असतात, आणि फोकस कुठल्या बाजूला किती चुकलाय ते त्यांना एका नजरेत कळतं. दहा फोटोंत छोट्याचे दोन बरे, डी३१००चे सात.

पण ते सात ३५ मिमी एफ/१.८ लेन्सचे होते. किट लेन्स लावल्यावर चित्र बदललं. फोकस तसाच झटपट, पण उजेड पुरेना. ५५ टोकाला ती लेन्स एफ/५.६ पर्यंतच उघडते. आयएसओ ३२०० ला नेऊनही हात हलवणाऱ्या मुलाचा हात धुरकट. १८ टोकाला एफ/३.५ मिळतो, छोटा कॅमेरा वाइडला एफ/२ देत होता. हिशेब केला तर त्या टोकाला साडेआठ पट सेन्सरचा फायदा आटून तीन पटींच्याही आत आला, म्हणजे दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ३५ मिमी लावली की तोच फायदा दहा पटींवर गेला. न परवडलेला आरएक्स१०० तर वाइडला एफ/१.८ उघडतो आणि त्याचा सेन्सर एक इंची. तिथं किट लेन्सच्या डीएसएलआरपेक्षा त्याच्या सेन्सरवर जास्तच उजेड पडतो. झूम केल्यावर तो मागं पडतो, ही गोष्ट वेगळी.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: सुरुवातीचा डीएसएलआर फक्त किट लेन्सवर ठेवायचा असेल तर पैसे वाया जातात. दुसरी लेन्स घ्यायची तयारी नसेल त्यानं तो घेऊ नये. पुष्कळ घरांत दुसरी लेन्स कधीच येत नाही. कपाटात बॅगेत बसलेले कॅमेरे मी मोजायचे ठरवले तर नातेवाइकांतच दोन्ही हातांची बोटं लागतील.

मग मी तो काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्म्यावरून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, मग चष्मा काढला, मग दिसेना म्हणून पुन्हा घातला. वरची चकती फिरवताना मॅन्युअलवर गेली आणि पुढचे सहा फोटो काळेकुट्ट आले. त्यांनी कॅमेरा अलगद माझ्याकडे परत दिला, तान्हं मूल परत द्यावं तसा.

"हे बघ," ते म्हणाले, "गणपतीला तू येतोसच. दिवाळीतही पाडव्याला येतोस. पोराचे फोटो तूच काढत जा. तिला तिचं घेऊन दे."

मी आठ दिवस आकडेमोड करत होतो. काकांनी दोन वाक्यांत दाखवून दिलं की डीएसएलआरची गरज वर्षातून दोनदा होती, आणि ती भागवणारा माणूस कॅमेऱ्यासकट घरी येतच होता.

काय घेतलं

त्या वरच्या वर्गातला एक छोटा कॅमेरा. नाव सांगत नाही, पुढं कळेल का ते. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं आणि सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. जादा बॅटरी चैन नव्हती. या कॅमेऱ्यांत एका चार्जिंगवर दोनशे ते चारशे फोटो निघतात. डी३१००ला कंपनी ५५० सांगते, आणि स्क्रीन कमी वापरला तर त्याहून जास्तही निघतात.

मावशीनं जुन्या गोधडीच्या तुकड्याची एक छोटी पिशवी शिवली आणि तिच्यात तांदूळ भरले. खडकावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. थरथरत्या हातावर हा इलाज कुठल्याही स्टॅबिलायझेशनपेक्षा चांगला चालला. पावसात कॅमेरा धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत.

मावशीच्या जागी मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला जाणारा कुणी असता तर मी उलट सांगितलं असतं. छोट्याचं झूम ३५ मिमी फिल्मच्या हिशेबानं शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास संपतं, पाण्यातला बगळा त्यात पांढरा ठिपका दिसतो. तिथं डीएसएलआरच, आणि पहिल्या दिवसापासून लांब लेन्सचे पैसे धरून. नाटकाच्या तालमी टिपणाऱ्यालाही तेच सांगेन.

पहिल्या हंगामातच एक कटकट निघाली. बारीक देठाचं फूल समोर धरलं की फोकस हमखास मागच्या गवतावर जायचा. मावशी वैतागून फोन करायची. चार दिवसांनी तिनंच उपाय काढला: ती स्टीलची पट्टी फुलाच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर उभी धरायची. पट्टीवरच्या काळ्या रेघांवर कॅमेरा पटकन फोकस करतो. बटण अर्धं दाबून ठेवायचं, चौकट सरकवायची, पूर्ण दाबायचं. फोकसही झाला आणि फुलाचं मापही फोटोत आलं. हे मला सुचलं नसतं, कारण फोटोत पट्टी येऊ द्यायची नाही अशीच माझी शिस्त होती.

जांभळ्या रंगाचं दुखणं मात्र दोघांनाही बराच काळ सुटलं नाही. सीतेची आसवं स्क्रीनवर सरळ निळी दिसायची. मग तिनं वहीतच लिहायला सुरुवात केली, "फोटोत निळं, खरं जांभळट". पेन्सिल पूर्ण सुटली नाही ती अशी.

माझं जे चुकलं

दोन गोष्टी. पहिली धुळीची. डीएसएलआरची लेन्स पठारावर बदलू नये, सेन्सरवर धूळ बसते, बुरशी टाळायला कॅमेरा कोरड्या डब्यात ठेवावा, असं मी नेहमी सांगायचो. छोट्या कॅमेऱ्याला लेन्स बदलायचीच नसते म्हणून तो निर्धोक, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात त्याची लेन्स दर वेळी दुर्बिणीसारखी बाहेर येते आणि आत जाते, आणि येता-जाता बारीक कण घेऊन आत जाते. जमिनीलगत वापरणाऱ्याला तर जास्तच. चौथ्या वर्षी एक दिवस लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली, करकर आवाज झाला आणि स्क्रीनवर चूक दाखवून कॅमेरा बंद. दुरुस्तीचा जो खर्च सांगितला त्यात दुसरा जुना कॅमेरा आला असता. कंपनीला दोष देत नाही. त्या कॅमेऱ्यानं चार पावसाळे चिखलात काढले होते.

दुसरी चूक जास्त बोचते. २०१२ साली त्याच दुकानात, त्याच काचेच्या कपाटात कॅननचा जी१२ होता. सेन्सर तोच १/१.७ इंची, फोकस एक सेंटिमीटरपर्यंत, आणि स्क्रीन बाहेर काढून हवा तसा फिरवता येणारा. चारशे ग्रॅमचा, म्हणजे खिशात न मावणारा, पण डीएसएलआरच्या निम्म्या वजनाचा. मी तो पाहिला होता. ना धड खिशातला ना धड डीएसएलआर, म्हणून नजरेआड केला. मी सेन्सर मोजला, ॲपर्चर मोजलं, दाणे मोजले. मावशीचा गुडघा मोजला नाही. फिरणारा स्क्रीन असता तर चार वर्षं तिला अंदाजानं फोटो काढावे लागले नसते, की मी शेजारी असताना "वाकून बघ रे, चौकटीत आलंय का" असं म्हणावं लागलं नसतं.

लेन्स अडकली तेव्हा मी पुण्यात चौकशी करतो म्हणालो. तिनं वाट पाहिली नाही. साताऱ्यातच एका ओळखीच्या फोटोग्राफरकडे गेली, फिरत्या स्क्रीनचा एक जुना कॅमेरा मागवून घेतला, आणि मला बिल दाखवायच्या आधी एक फोटो पाठवला. कंदीलपुष्प, खालून वर बघत काढलेलं, कंदिलाच्या काचेसारखं फुगलेलं. वाकून असा कोन तिला जन्मात मिळाला नसता. फोटोत पान होतं. कडेला पट्टीही होती.